जिऑइड : उपग्रहीय उंची आणि पाण्याचा उतार

पवना व इंद्रायणी या नद्यांच्या पूररेषा असोत वा चाकण परिसरातील सांडपाणी वाहिन्या, त्यांचे नियोजन अचूक उंचीवर अवलंबून असते. उपग्रहीय यंत्राने मिळणारी मूळ उंची पृथ्वीच्या गणिती विवृत्ताभापासून मोजलेली असते. पाणी मात्र गुरुत्वाकर्षणानुसार वाहते. सरासरी समुद्रसपाटीशी जवळपास जुळणारा समविभवी पृष्ठभाग म्हणजे जिऑइड होय. पुणे परिसरात तो विवृत्ताभाच्या ६० मीटरांहून अधिक खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेस हे अंतर सुमारे १०६ मीटर भरते.

हा फरक सर्वत्र समान असता, तर एक स्थिरांक मिळवून काम भागले असते. परंतु सह्याद्रीचे वस्तुमान आणि भूगर्भातील घनतेचे भेद यांमुळे तो ठिकाणागणिक बदलतो. हजार मीटरला एक मीटर उतार असलेल्या वाहिनीत काही सेंटिमीटरांची चूकही उपेक्षणीय नसते.

गुरुत्वमापनांवरून जिऑइड काढण्याचे सूत्र स्टोक्स यांनी १८४९ मध्ये मांडले. आज जमिनीवरील दाट मापने, ग्रेस व गोचे उपग्रहांनी दिलेले व्यापक चित्र आणि भूरचनेची दुरुस्ती यांची त्यात सांगड घातली जाते. मीटरभर उंचीमागे गुरुत्व सुमारे ०.३ मिलिगॅलने घटते. म्हणून प्रत्येक मापनस्थानाची उंचीही ठाऊक असावी लागते.

सिद्ध झालेले प्रतिमान अखेर लेव्हलिंगच्या तलचिन्हांवर पडताळावे लागते. ही पडताळणी आपल्या परिसरातील तलचिन्हांवर करणे अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सर्वेक्षण विभागांना सहज शक्य आहे.