उपसावे कोठून?

विहिरीत काही मेले-पडले तर ती उपसून घ्यावी, हा आपल्याकडचा जुना उपाय. दोन दिवस पंप चालला की झऱ्यांचे नवे पाणी येते. पण घाण झऱ्यांतच शिरली असेल तर?

अमेरिकेत ओरेगॉन राज्यात उमाटिला येथे लष्कराचे दारूगोळ्याचे कोठार होते. १९५० च्या दशकापासून १९६५ पर्यंत तेथे जुने बॉम्ब पाण्याने धुऊन रिकामे करीत आणि ते धुवण, सुमारे ३२ कोटी लिटर, अस्तर नसलेल्या दोन खड्ड्यांत सोडून देत. त्यातले आरडीएक्स आणि टीएनटी भूजलात उतरले. १९९७ साली उपसा सुरू झाला. पाणी वर काढायचे, कोळशाच्या थरातून गाळायचे आणि पुन्हा जमिनीत मुरवायचे.

ऐकायला हे सोपे वाटते. परंतु जमिनीखाली पाणी हौदासारखे साठलेले नसते. ते वाळू-गोट्यांच्या फटींतून वाहते. पंप लावला की मोकळ्या वाटेचे पाणी आधी धावते. दोन विहिरींच्या ओढाताणीत मधला एखादा पट्टा जागच्या जागी थबकतो. शिवाय मातीच्या कणांना चिकटलेले द्रव्य सावकाश सुटत राहते. त्यामुळे आरंभी घाण झपाट्याने घटते आणि पुढे पंप बहुतेक स्वच्छ पाणीच उपसत बसतो. विजेचे बिल मात्र तेवढेच!

तेव्हा पंप वाढवण्याआधी विहिरींच्या जागा तपासायला हव्यात. जागा, प्रत्येक विहिरीचा उपसा, मुरवण्याचे तलाव यांच्या जुळण्या असंख्य होतात. म्हणून संगणकावर भूजलाचे प्रतिरूप उभे करतात आणि बियाणे निवडावे तशी रीत वापरतात: अनेक योजना चालवून पाहायच्या, बऱ्या ठेवायच्या, त्यांचा संकर करून पुन्हा निवडायच्या. २००३ च्या सुमारास अलाबामा विद्यापीठातील संशोधकांनी उमाटिलासाठी असे गणित मांडले. चालू पद्धतीने १७ वर्षे आणि सुमारे ३८ लाख डॉलर लागतील असा अंदाज होता. जागा बदलल्यावर ४ वर्षे आणि सुमारे १७ लाख.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक शंका येते. ‘स्वच्छ’ म्हणजे किती? उमाटिलाला आरडीएक्सची मर्यादा होती लिटरमागे २.१ मायक्रोग्रॅम. ती जराशी सैल केली तर खर्च बराच उतरतो, कारण शेवटची घाणच सर्वांत महाग पडते. ही मर्यादा संगणक ठरवीत नाही. ती त्याला बाहेरून सांगावी लागते, आणि सांगणाऱ्याच्या घरी तेच पाणी येते असे नाही.

शिवाय हे आकडे कागदावरचे. जमिनीतला एखादा चिकणमातीचा थर नकाशात सुटला की सारे वेळापत्रक कोलमडते. म्हणून आजूबाजूच्या निरीक्षण-विहिरींतून नमुने घेत राहावे लागते आणि गणित दर काही वर्षांनी नव्याने मांडावे लागते.