तोकामाची : बर्फाचं गाव, वारल्यांची भिंत

पिंपरी-चिंचवडच्या इतिहासात १९८२ हे महापालिकेचं वर्ष. त्या ऑक्टोबरात नगरपालिकेची महापालिका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जपानमध्ये टोकियोजवळच्या ओमियाहून डोंगर पोखरून निइगाताला जाणारी शिंकान्सेन धावू लागली. आणि त्याच वर्षी निइगाता प्रांताच्या डोंगरात, तोकामाची गावाबाहेर, बंद पडलेल्या एका प्राथमिक शाळेत संग्रहालय उघडलं. नाव मिथिला म्युझियम. आत मधुबनीची चित्रं आणि त्यांच्या सोबतीला आपल्या डहाणूकडच्या वारल्यांची.

आपल्याकडे शाळांना वर्ग कमी पडत होते, तिकडे वर्गांना मुलं उरली नव्हती.

चाकणच्या पट्ट्यात जपान म्हटलं की लोकांना कायझेन आठवतं, फाइव्ह-एस आठवतं, लाइनवर उभा राहून घड्याळ बघणारा पाहुणा इंजिनिअर आठवतो. तो जपान टोयोटाचा, नागोयाचा, समुद्राकाठच्या कारखान्यांचा. त्या कारखान्यांना आणि टोकियोला माणसं कुठून मिळाली, याचं उत्तर तोकामाचीसारख्या गावांत आहे. म्हणून हे गाव त्या जपानपेक्षा आपल्या जास्त ओळखीचं निघतं.

तोकामाची जपानच्या सर्वांत लांब नदीच्या, ३६७ किलोमीटरच्या शिनानोच्या खोऱ्यात आहे. दोन्ही अंगांना डोंगर, मधे नदी, नदीकाठी भातशेती. हिवाळ्यात सैबेरियाकडून निघालेला कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येताना खालच्या कोमट पाण्याची वाफ उचलतो. पुढे डोंगर आडवे आले की वर चढतो आणि सगळं ओझं डोंगराच्या अलीकडेच टाकतो. ताम्हिणीला पावसाचं जे होतं, ते इथे बर्फाचं. डोंगरापलीकडे टोकियोत त्या दिवशी बहुधा स्वच्छ ऊन असतं. माणूस बुडेल इतका बर्फ इथे नवलाचा नाही. १९४५च्या फेब्रुवारीत तो चार मीटरांच्या वर गेला होता.

या बर्फाशी गावाचा रोजचा व्यवहार आहे. बऱ्याच घरांचा तळमजला काँक्रीटचा आणि उंच असतो. तिथे गाडी आणि अवजारं राहतात, माणसं वर. रस्त्याच्या मधोमध नळ पुरलेले आहेत. त्यांच्या तोट्यांतून भूजल उडतं, ते गोठणबिंदूच्या बरंच वर असतं आणि पडलेला बर्फ विरघळवतं. पाण्यातल्या लोहामुळे असे रस्ते हळूहळू तांबूस होतात. रस्त्याकडेला झाकलेली गटारं आहेत, त्यांत ओढ्याचं पाणी खेळवलेलं असतं. प्रत्येक आळीला वेळ ठरलेली. पाळी आली की लोखंडी जाळी उचलायची आणि दारातला बर्फ फावड्याने आत लोटायचा. कुणी अवेळी टाकला किंवा मोठमोठी ढेकळं एकदम ढकलली, की गटार तुंबतं आणि खालच्या आळीत पाणी शिरतं. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातली भांडणं सांगायला नकोत. सगळ्यांत अवघड काम छप्पर मोकळं करण्याचं. ते वर चढून हातानेच करावं लागतं, आणि आता चढणारे हात साठी-सत्तरीचे आहेत. बर्फाळ प्रांतांत दर हिवाळ्यात छतावरून पडून माणसं दगावतात, त्यात म्हातारेच जास्त.

तरी गावाने बर्फाला नुसता शत्रू मानलं नाही. १९५०च्या फेब्रुवारीत, युद्धानंतरच्या हलाखीत, इथल्या लोकांनी बर्फाच्या मूर्ती करून उत्सव भरवला. तो आजही भरतो, आणि बर्फाचा आधुनिक उत्सव आपल्याकडूनच सुरू झाला, असं तोकामाचीकर अभिमानाने सांगतात.

बर्फाने गावाला धंदाही दिला. सुताला दमट हवा लागते, कोरड्या हवेत तलम धागा तुटतो. शेत बर्फाखाली गेलं की घरोघर माग चालायचे. आकाशी चिजिमी हे इथलं तलम रेशमी कापड, उन्हाळी किमोनोसाठी नावाजलेलं. विणकामाची खूण इथल्या जेवणातही आहे. बकव्हीटच्या शेवया मळताना त्यात फुनोरी नावाचं समुद्री शेवाळ घालतात. मुळात ते सुताला खळ देण्यासाठी आणलेलं. त्याने शेवया चिवट आणि गुळगुळीत होतात. लाकडी चौकोनी तबकात त्या एकेका घासाच्या लडी करून मांडतात, सुताच्या लडी मांडाव्यात तशा. पुढे किमोनो फक्त लग्नाकार्यापुरता उरला आणि माग थांबत गेले.

पाण्याची गोष्ट आपल्याला आणखी जवळची आहे. तोकामाचीच्या हद्दीत मियानाका इथे धरण आहे. तिथून वळवलेल्या पाण्यावर रेल्वेची वीज तयार होते आणि ती टोकियोच्या लोकलना जाते. मुळशीचं पाणी अडवून टाटांनी मुंबईला वीज नेली, त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तोकामाचीत सत्याग्रह झाला नाही, पण धरणाखालची नदी वर्षानुवर्षं कोरडी राहिली. रेल्वे ठरल्यापेक्षा जास्त पाणी उचलते, हे उघडकीस आल्यावर २००९ साली सरकारने तिचा पाणीहक्कच रद्द केला. पुढच्या वर्षी तो परत मिळाला, तो नदीत जास्त पाणी सोडण्याच्या अटीवर.

वीज गेली त्याच दिशेने माणसंही गेली. आधी पुरुष फक्त हिवाळ्यापुरते मजुरीला जात आणि पेरणीला परतत. मग टोकियोत बारमाही काम मिळू लागलं, तसं परतणं थांबलं. २००५ साली आसपासची चार गावं जोडून आजचं तोकामाची शहर झालं, तेव्हा लोकसंख्या ६२ हजारांच्या आसपास होती. २०२०च्या जनगणनेत ती ५० हजारांच्या आत आली. क्षेत्रफळ ५९० चौरस किलोमीटर. पिंपरी-चिंचवड १८१ चौरस किलोमीटरचं, आणि २००१ ते २०११ या दहा वर्षांत इथे सात लाख माणसं वाढली. जपानमधला शहर हा दर्जा कागदावरचा. तोकामाची म्हणजे डोंगरभर विखुरलेल्या वाड्यावस्त्याच.

अशाच एका वस्तीवरची रिकामी शाळा तोकिओ हासेगावा यांनी संग्रहालयासाठी घेतली. हासेगावा मूळचे संगीतकार, पुढे मिथिलेच्या चित्रांचे संग्राहक. त्यांनी नुसती चित्रं विकत आणली नाहीत, चित्रकारांनाच बोलावलं. मधुबनीच्या गंगादेवींनी इथे राहून काम केलं.

या संग्रहामागे एक मराठी माणूस आहे, त्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. १९६६-६७च्या बिहारच्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मुंबईच्या चित्रकाराला मिथिलेत पाठवलं. घराच्या भिंती रंगवणाऱ्या बायकांना त्यांनी कागद दिले, म्हणजे चित्र विकून चार पैसे हाती येतील. हेच कुलकर्णी पुढे डहाणूच्या पाड्यांवर पोचले आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं काम त्यांच्या नजरेत भरलं. वारली चित्र तोवर लग्नघरातल्या बायका काढत. शेणामातीने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, आणि चौकात पालघट देवी. म्हशांनी ते लग्नाच्या चौकाबाहेर काढलं. तारप्याभोवती फिरणारा नाच, मासेमारीचं जाळं, भाताची कापणी, सगळं त्यांच्या कागदावर आलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. मधुबनी आणि वारली, दोन्ही कला कागदावर येताना कुलकर्णींचा हात लागला, आणि दोन्ही तोकामाचीच्या त्या शाळेत शेजारी शेजारी आहेत. भातावर जगणाऱ्या गावात भाताच्याच रंगाचं चित्र लागलं.

या शाळेची एक बाजू काळी आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. मध्य प्रदेशातले थोर गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम इथे कामासाठी राहिले होते. २००१च्या जुलैत त्यांनी इथेच आत्महत्या केली. परदेशी जाणाऱ्या आदिवासी कलाकारांचे करार कोण वाचतं, मोबदला कोण ठरवतं, परत यावंसं वाटलं तर कुणाला सांगायचं, हे प्रश्न तेव्हा भारतातल्या कलावंतांनी जोरात विचारले. कलाकाराला घरापासून इतकं दूर ठेवायचं, तर त्याची सोबत आणि सुटकेची वाट आधी बघायला हवी. कौतुकाने ती उणीव भरून निघत नाही.

२०००पासून याच खोऱ्यात एचिगो-त्सुमारी हा कलामहोत्सव दर तीन वर्षांनी भरतो. फ्राम कितागावा हे त्याचे दिग्दर्शक. दालन म्हणून त्यांनी भाताची खाचरं घेतली, पडकी घरं घेतली आणि रिकाम्या शाळा घेतल्या. सानादाची शाळा २००५ साली बंद झाली, तेव्हा पटावर तीन मुलं होती. चित्रकार सेइझो ताशिमा यांनी २००९ साली ती सगळी इमारतच एक चित्रकथा करून टाकली आणि त्या तीन मुलांना तिची पात्रं केलं. खोऱ्यातल्या दुसऱ्या एका बंद शाळेत ख्रिश्चन बोल्तान्स्की आणि जाँ कालमान यांनी शेवटचा वर्ग मांडला. महोत्सवाला देशोदेशीचे लोक येतात, गावातल्या म्हाताऱ्या बाया त्यांना जेवू घालतात. पण लोकसंख्येची घसरण त्याने थांबलेली नाही. चित्रामुळे नोकरी येत नाही, आणि तरुण मुलं नोकरीसाठीच गाव सोडतात.

मग मिळालं काय? गावाची मान ताठ राहिली. शाळा बंद झाली तरी तिचं गोदाम झालं नाही, तिच्यावर गावाचा हक्क आणि गावाचं नाव राहिलं.

चाकण, भोसरी, तळवड्यात काम करणाऱ्या बहुतेकांचं मूळ गाव दुसरीकडे आहे. तिथली जिल्हा परिषदेची शाळा आक्रसते आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची चर्चा राज्यात उघडपणे झाली आहे. कंपनीने जपानला पाठवलंच, तर एका रविवारी एचिगो-युझावाला गाडी बदलून तोकामाची जरूर बघा. नाही जमलं तर यंदा सुट्टीत गावी गेल्यावर शाळेचा पट विचारा. मुलं असेतो ती शाळा चालवण्यासाठी भांडायला हवं. आणि तरीही ती बंद होणारच असेल, तर इमारतीचं पुढे काय करायचं ते शेवटचं मूल बाहेर पडायच्या आधी ग्रामसभेत ठरवून घ्या. नंतर ते दुसरं कुणीतरी ठरवतं.