हरताळाचा पिवळा डाग

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका रात्री दहाच्या सुमारास सेक्रेटरींचा निरोप आला : ‘उद्या सकाळी ७ ते ९ पाणी येणार.’ पाणी तर रोजच येतं, मग त्यात मुद्दाम कळवण्यासारखं काय, असं कोणाच्याही मनात आलं नाही. अंगठे उंचावले, हात जोडले गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ‘वा, बरं झालं! गोधड्या धुवायला काढल्याच आहेत’ असं लिहूनही टाकलं. बारा मिनिटांनी सेक्रेटरींच्या लक्षात आलं, की शेवटचा ‘नाही’ टाइप करायचा राहिलाय. त्यांनी निरोपावर बोट दाबून धरलं, ‘एडिट’ निवडलं, राहिलेली दोन अक्षरं घातली आणि सगळ्यांच्या फोनमधलं ते वाक्य जागच्या जागी उलटं झालं.

पोस्टाच्या लाल पेटीत टाकलेल्या पत्राच्या बाबतीत हे कधी जमलं नव्हतं. चूक आठवली, तर मागाहून दुसरं कार्ड टाकायचं, ‘आधीच्या पत्रात गुरुवार लिहिलं आहे ते शुक्रवार वाचावे’. फोनमधली जादू उलगडून पाहिली, की कळतं, आजही नेमकं तेच होतं. जातं ते दुसरं कार्डच.

व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये सगळे निरोप टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद केले. त्यासाठी वापरलेली पद्धत सिग्नल या अ‍ॅपची. ट्रेव्हर पेरिन आणि मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०१३ मध्ये रचलेली ‘डबल रॅचेट’ ही युक्ती तिच्या गाभ्याशी आहे. सायकलचं पायडल उलटं फिरवलं, तर नुसतं टिकटिक वाजतं, चाक मागे जात नाही. इथेही तसंच आहे. प्रत्येक निरोपाला वेगळी किल्ली, ती आधीच्या किल्लीपासून घडवलेली, आणि वापरून झाली की नष्ट. त्यामुळे मधल्या सर्व्हरला तुमच्या वाक्यातलं एक अक्षरही वाचता येत नाही, मग बदलणं तर लांबच. खुद्द पाठवणाऱ्यालाही गेलेलं पाकीट पुन्हा उघडता येत नाही.

मग ‘नाही’ आत शिरला कसा? तुमचा फोन एक नवं पाकीट तयार करतो. त्यात दोन गोष्टी असतात : कोणता जुना निरोप बदलायचा त्याची खूण आणि त्याच्या जागी काय दाखवायचं तो मजकूर. सिग्नलमध्ये ही खूण फार साधी आहे : निरोप कोणी पाठवला आणि कोणत्या क्षणी पाठवला. क्षण मिलिसेकंदापर्यंत मोजलेला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. एकाच माणसाचे दोन निरोप त्याच मिलिसेकंदाला सुटत नाहीत, तेव्हा वेळ हेच त्या निरोपाचं नाव. नवं पाकीट समोरच्या फोनवर पोहोचतं, तिथलं अ‍ॅप आपल्या साठ्यात त्या नावाची नोंद शोधतं, पाठवणारा तोच आहे ना हे पाहतं आणि पडद्यावर नवा मजकूर मांडतं. म्हणजे खोडण्याचं काम सेक्रेटरींच्या फोनने केलंच नाही. त्याने फक्त विनंती केली. खोडलं ते काकूंच्या फोनने, काकूंच्या घरात.

ही कल्पना स्मार्टफोनच्या आधीची आहे, हे कळलं तेव्हा मला खरोखर आश्चर्य वाटलं. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ या इंजिनिअरने नाताळच्या शुभेच्छा म्हणून पाठवला. एका एसएमएसमध्ये जागा १४० बाइटांची. रोमन अक्षरं सात-सात बिटांची असल्याने १६० मावतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे दोन बाइट लागतात म्हणून ७० च, आणि त्यात काना-वेलांटीही वेगळी मोजली जाते : आपला ‘नाही’ चार चिन्हं खातो. एवढ्या तंग जागेच्या त्या व्यवस्थेतही निरोप बदलण्याची सोय लिहून ठेवलेली होती. निरोपाच्या मथळ्यात एक ते सातपैकी एक ‘बदली क्रमांक’ घालता येई. त्याच पाठवणाऱ्याचा त्याच क्रमांकाचा जुना निरोप फोनमध्ये सापडला, तर नव्याने त्याची जागा घ्यायची. आपल्या हातातल्या साध्या फोनांच्या मेनूत मात्र ही सोय कधी दिसली नाही.

टेलिग्राममध्ये ती सामान्य माणसाच्या बोटाखाली आली २०१६ साली, आणि तीही ४८ तासांच्या ऐसपैस मुदतीने. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या आयमेसेजमध्ये ती आणली. तिची चाचणी चालू असताना आक्षेप निघाला, की छळ करणारा माणूस धमकी देईल आणि मागाहून गोड शब्द भरून ठेवेल. मग अ‍ॅपलने निरोप मागे घेण्याची मुदत पंधरा मिनिटांवरून दोनवर आणली, दुरुस्त्या पाचपुरत्या मर्यादित केल्या आणि जुने पाठही पाहता येतील असं केलं. व्हॉट्सअ‍ॅपची सोय मे २०२३ मधली : पंधरा मिनिटं मुदत, वेळेच्या शेजारी बारीक ‘एडिटेड’, पण आधी काय लिहिलं होतं ते कोणाला दिसत नाही. सिग्नल २४ तास देतं, दहा वेळा बदलू देतं, आणि त्या बारीक शब्दावर बोट ठेवलं, की आधीचे सगळे पाठ समोर ठेवतं. मला सिग्नलचा मार्ग पटतो. ज्याने पहिलं वाक्य वाचून सकाळची कामं ठरवली, त्याला ते वाक्य पुन्हा पाहण्याचा हक्क असावा.

आपल्या पोथ्या लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न फार जुन्या काळी सोडवला होता. लिहिताना चूक झाली, की ते त्या जागी हरताळाचा लेप देत. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळंजर्द खनिज. लेप वाळला, की त्यावर नवं अक्षर काढायचं. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथून आला (संपाचा हरताळ वेगळा, तो गुजराती हाटाच्या टाळ्यातून आलेला). हस्तलिखितात असा पिवळा पट्टा दिसला, की वाचणाऱ्याला कळतं, इथे हात फिरलाय. कधी कधी लेपाखालून जुनं अक्षरही पुसट डोकावतं. व्हॉट्सअ‍ॅपचा ‘एडिटेड’ हा असा डाग आहे, फक्त त्याखालचं काही डोकावत नाही.

डाग नसला तर काय होतं, ते पुण्याला सांगायला नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांच्या चिठ्ठीतल्या ‘धरावे’चं आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं, अशी आख्यायिका आहे, आणि इतिहास काहीही म्हणो, ‘ध चा मा’ भाषेत कायमचा बसला. ती दुरुस्ती लिहिणाऱ्याची नव्हती, वाटेतल्या हाताची होती. कुलूपबंद निरोपात वाटेतला हात आत जात नाही. आपल्या शब्दांचा ध चा मा करायचाच, तर तो आता आपला आपणच करायचा.

कोर्टात म्हणूनच नुसत्या पडद्याच्या फोटोवर भागत नाही. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून सुरू झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं, की मूळ उपकरणच हजर केलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालच्या प्रमाणपत्रात तर त्या नोंदीचं ‘हॅश’ही लिहावं लागतं. हॅश म्हणजे मजकुरातून गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा. एक वेलांटी बदलली, तरी सगळा आकडा बदलतो.

फोनवरचा हरताळ सगळीकडे पोहोचत नाही, हेही खरं. कोणी चुकीचा निरोप तेवढ्यात दुसऱ्या ग्रुपवर फॉरवर्ड केला असेल, तर ती प्रत स्वतंत्र, तिला दुरुस्ती लागत नाही. बदल झाला म्हणून नव्याने घंटीही वाजत नाही. आमच्या सोसायटीत ज्यांनी पहिलं वाक्य वाचून फोन उशाशी ठेवला होता, ते सकाळी सात वाजता कोरडे नळ सोडून उभे राहिले.

ग्रुपवर ते सगळं अजून तसंच आहे. ‘उद्या सकाळी ७ ते ९ पाणी येणार नाही.’ त्याखाली नऊ अंगठे, चार जोडलेले हात. आणि मग काकू : ‘वा, बरं झालं! गोधड्या धुवायला काढल्याच आहेत.’