बुडालेल्याची साक्ष

विहिरीत प्रेत तरंगताना दिसले की काठावर जमलेली मंडळी पंचनाम्यापूर्वीच निकाल देऊन मोकळी होतात. कोणी म्हणते पाय घसरला, कोणी म्हणते जीव दिला. तिसरी शक्यता कुजबुजीतच राहते. श्रोतेहो, न्यायवैद्यकास इतकी घाई करून चालत नाही.

त्याच्यापुढे दोन निराळे प्रश्न असतात. मनुष्य कशाने मेला, हा पहिला. ते मरण कसे ओढवले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बरेचसे देहातच मिळते. नाकातोंडाशी बारीक पांढरा फेस, फुगलेली फुप्फुसे, मुठीत घट्ट आवळलेले शेवाळ, या खुणा तो पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता असे सुचवितात. तळव्यांवरील सुरकुत्यांना मात्र तेवढी किंमत नाही; पाण्यात राहिलेल्या कोणत्याही प्रेतावर त्या पडतात.

दुसऱ्या प्रश्नापाशी देह बहुधा मुका होतो. घसरलेला, उडी घेतलेला आणि लोटलेला, तिघेही सारखेच बुडतात.

इंग्लंडात १९१२ ते १९१४ या काळात तीन नवविवाहिता स्नानाच्या टबात बुडून मेल्या. झटापटीची ठळक खूण नव्हती. मरण अपघाती ठरले. तिसरीची बातमी वर्तमानपत्रात वाचून दुसरीच्या पित्यास आपल्या मुलीचे मरण आठवले व त्याने पोलिसांस कळविले. तपासात तिघींचा पती एकच निघाला: जॉर्ज जोसेफ स्मिथ. मृत्युपत्र वा विमा यांचा लाभही प्रत्येक वेळी त्यालाच होता. मग झटापट का नव्हती? इन्स्पेक्टर नील यांनी पोहण्यात तरबेज अशा एका स्त्रीस टबात बसवून तिचे पाय अकस्मात वर ओढले. डोके पाण्याखाली जाताच ती बेशुद्ध झाली! १९१५ साली स्मिथ फाशी गेला.

तात्पर्य, दुसरे उत्तर देहाभोवती शोधावे लागते. कठडा किती उंच, पाणी किती खोल, चपला कोठे, शेवटी सोबत कोण होते, मरणाने कोणाचा लाभ झाला? विवाहापासून ७ वर्षांच्या आत स्त्रीचे मरण संशयास्पद वाटल्यास आपला कायदाही शवचिकित्सेचा आग्रह धरतो, तो याचसाठी.

इतके करूनही काही मरणांचा उलगडा होत नाही. तेव्हा ‘निर्णय करता येत नाही’ असे लिहिणे हा तज्ज्ञाचा कमीपणा नव्हे. घाईने लिहिलेला ‘अपघात’ एखाद्या खुन्यास मोकळा सोडतो, आणि घाईने उच्चारलेला ‘खून’ एखाद्या निरपराध घरास जन्माचा कलंक लावतो.