ग्रह आठ की नऊ?



भाताच्या बियाण्याचे सांगायला मुरबाड तालुक्यातल्या एका घरी गेलो होतो. पडवीत बापलेकीचा वाद चालला होता. मुलगी म्हणे, "बाबा, ग्रह आठच." वडिलांनी तिला दटावले, "उलट बोलू नकोस. आमच्या गुरुजींनी नऊ शिकवले, ते काय खोटे? साहेब, तुम्हीच सांगा."

मी म्हटले, शाळेत मीही नऊच पाठ केले. नववा प्लूटो. तो शोधला एका शेतकऱ्याच्या मुलाने, अमेरिकेतल्या क्लाइड टॉमबॉने. गारपिटीने घरचे पीक गेले नि त्याचे कॉलेज राहिले. पण पोराने जुन्या मोटारीचे आणि दुधावरची साय काढण्याच्या यंत्राचे भाग जोडून दुर्बीण केली. तिच्यातून पाहून काढलेली गुरू-मंगळाची चित्रे वेधशाळेला धाडली, त्यावर नोकरी मिळाली. १८ फेब्रुवारी १९३० रोजी त्याला प्लूटो सापडला.

मग नवाचे आठ का झाले? २००५ साली एरिस सापडला. आकाराने जवळजवळ प्लूटोएवढा, वजनाने जास्त. अशा किती जणांना ग्रह म्हणायचे? म्हणून २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग शहरी जगातल्या खगोलशास्त्रज्ञांनी नियम केला: ग्रहाने सूर्याभोवती फिरावे, तो गोल असावा आणि त्याने आपली वाट साफ केलेली असावी. बेणणी झालेले खाचर नि न झालेले खाचर, तसा हा फरक समजा. प्लूटोच्या वाटेवर बर्फाळ गोळ्यांचे तण आहे, म्हणून तो बटुग्रह. एरिस, हाउमिया, माकेमाके आणि मंगळ-गुरूच्या मधला सेरीस हे त्याचे भाऊबंद. पत्रिकेतले नवग्रह निराळे. त्यांत सूर्य, चंद्र, राहू, केतू येतात, प्लूटो नाही.

तेव्हा गुरुजी खोटे नव्हते आणि मुलगीही चुकली नाही. माहिती वाढली, हिशेब बदलला. आम्हीही नवे वाण आले की शिफारस बदलतोच ना? लेकराने नवे सांगितले तर तो आपला अपमान मानू नका. त्याला विचारा, "कसे काय?"

प्लूटो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण ठाणे-कल्याण-डोंबिवलीची माणसे दिव्यांच्या उजेडाला कंटाळून तारे बघायला वांगणीपर्यंत गाडीने येतात. तुमच्या खळ्यावर ते आकाश फुकट आहे. भात झोडून झाले की एका अंधाऱ्या रात्री घोंगडी अंथरा नि पोरांना घेऊन वर बघा.