बिलियर्ड्झचे जागतिक हौशी अजिंक्यपद

बिलियर्ड्झचे जागतिक हौशी अजिंक्यपद : व्यावसायिक नसलेल्या खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. ती १९२६ मध्ये ब्रिटिश साम्राज्यापुरती सुरू झाली व १९५१ पासून जागतिक मानली जाऊ लागली. तीन चेंडूंच्या या खेळात खेळाडू चुकेपर्यंत त्याची खेळी चालू राहते; म्हणून नेमकेपणाइतकीच चिकाटीही निर्णायक ठरते.

१९५८ मध्ये कलकत्ता येथे पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स (१९२२–२००३) यांनी हे पद मिळविले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळविणारे ते स्वतंत्र भारतातील पहिले खेळाडू होत. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले. क्लब व जिमखान्यांपुरत्या मर्यादित असलेल्या खेळात मिळालेले हे यश विशेषच म्हटले पाहिजे.

पुढे मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ व १९८३ असे तीनदा अजिंक्यपद पटकाविले. १९८३ च्या अंतिम सामन्यातील त्यांचे प्रतिस्पर्धी सुभाष अगरवाल हेही भारतीयच होते. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत फरेरांनी एकाच खेळीत १,१४९ गुण नोंदविले होते. क्रिकेटपटू सुनील गावसकर यांना पद्मभूषण मिळाले असताना आपणास पद्मश्री देणे अन्यायाचे आहे, अशा भूमिकेतून त्यांनी १९८१ मध्ये तो किताब नाकारला. दोन वर्षांनी त्यांना पद्मभूषण देण्यात आले.