पारलिंगी व आंतरलिंगी व्यक्ती

पारलिंगी व आंतरलिंगी व्यक्ती : जन्माच्या वेळी बाह्य जननेंद्रियांवरून नोंदविलेले लिंग आणि स्वतःच्या लिंगाविषयीची आंतरिक जाणीव यांत ज्यांच्या ठायी मेळ नसतो, अशा व्यक्तींना पारलिंगी म्हणतात. ज्यांची गुणसूत्रे, जननग्रंथी, हॉर्मोने किंवा जननेंद्रिये स्त्री व पुरुष या दोन नेहमीच्या शरीररचनांपैकी कोणत्याही एकीत पूर्णपणे बसत नाहीत, त्या व्यक्ती आंतरलिंगी होत. पहिली संज्ञा जाणिवेशी, तर दुसरी शरीररचनेशी निगडित आहे. मराठीत या दोहोंसाठी आणि त्यांखेरीज हिजडा या परंपरागत समुदायासाठीही ‘तृतीयपंथी’ हा एकच शब्द दीर्घकाळ वापरात आहे. त्यामुळे शरीर, जाणीव आणि सामाजिक स्थान या तीन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. ही गल्लत केवळ शब्दांची नाही. नवजात अर्भकावरील उपचारांपासून निवडणुकीच्या उमेदवारी अर्जापर्यंत तिचे परिणाम दिसून येतात.

संज्ञाविचार : प्राचीन संस्कृत ग्रंथांत क्लीब, षंढ, नपुंसक हे शब्द आढळतात; कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’ अशी संज्ञा आहे. त्यांपैकी ‘नपुंसक’ हा शब्द मराठीत व्याकरणातील तिसरे लिंग, पुरुषातील संभोगाक्षमता आणि निंदा अशा तीन अर्थांनी रूढ झाल्यामुळे व्यक्तिवाचक म्हणून तो निरुपयोगी ठरला आहे. ‘उभयलिंगी’ ही प्राणिविज्ञानातील संज्ञा असून गांडुळासारख्या, नर व मादी या दोन्ही प्रकारच्या जननकोशिका निर्माण करणाऱ्या प्राण्यांना ती लागू पडते. आंतरलिंगी माणसांच्या बाबतीत तशी स्थिती नसते, म्हणून त्यांना उभयलिंगी म्हणणे चुकीचे होय. ‘किन्नर’ हा मूळचा पुराणांतील एका देवयोनीचा वाचक शब्द उत्तर भारतात हिजडा समुदायासाठी आदरार्थी वापरला जातो.

‘तृतीयपंथी’ हा शब्द शासकीय व्यवहारात व वृत्तपत्रांत प्रचलित असून अनेक व्यक्ती तो स्वतःसाठी वापरतात. तथापि पंथ हा स्वीकारलेला मार्ग असतो. जन्मतःच निराळी शरीररचना लाभलेल्या बालकाने कोणताही पंथ स्वीकारलेला नसतो, हे ध्यानात घेता आंतरलिंगी व्यक्तींना हा शब्द लावणे योग्य नव्हे. ‘हिजडा’ या शब्दाचे स्वरूप वेगळे आहे. समुदायातील व्यक्ती तो अभिमानाने उच्चारतात. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या मी हिजडा, मी लक्ष्मी! या मराठी आत्मकथनाच्या शीर्षकातच तो आला आहे. बाहेरच्याच्या तोंडी मात्र तो बहुधा शिवी म्हणून येतो.

लैंगिक आकर्षण कोणाविषयी वाटते, हा प्रश्न या सर्वांहून स्वतंत्र आहे. पारलिंगी किंवा आंतरलिंगी असण्यावरून त्याविषयी कोणतेही अनुमान काढता येत नाही.

आंतरलिंगी शरीररचना : गर्भधारणेनंतर सुमारे सहा आठवड्यांपर्यंत सर्व भ्रूणांच्या जननग्रंथी एकसारख्याच असतात. त्यानंतर ‘वाय’ गुणसूत्रावरील एका जनुकाच्या प्रभावाने त्यांचे वृषणांत रूपांतर होऊ लागते. हा जनुक १९९० मध्ये शोधून काढण्यात आला. तो नसल्यास सामान्यतः अंडाशय तयार होतात. पुढे वृषणांतून स्रवणाऱ्या हॉर्मोनांमुळे बाह्य जननेंद्रियांना पुरुषरूप येते. या साखळीतील कोणत्याही टप्प्यावर फरक पडल्यास आंतरलिंगी रचना संभवते. त्यामुळे तिचे प्रकार अनेक आहेत.

जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी या विकारात बालकाची गुणसूत्रे ‘एक्स-एक्स’ असून गर्भाशय व अंडाशय व्यवस्थित असतात. परंतु अधिवृक्क ग्रंथींतून पुरुष-हॉर्मोने अधिक प्रमाणात स्रवल्यामुळे बाह्य जननेंद्रिये पुरुषासारखी किंवा संदिग्ध दिसतात. याच्या एका तीव्र प्रकारात शरीरातील लवण वेगाने घटते आणि जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच उलट्या व निर्जलीकरण होऊन बालक दगावू शकते. वेळीच निदान झाल्यास औषधांनी हा धोका टळतो. जननेंद्रियांच्या संदिग्धतेबद्दल लाज बाळगून कुटुंबाने बालक लपवून ठेवणे येथे प्राणघातक ठरू शकते.

पुरुष-हॉर्मोन-असंवेदिता या अवस्थेत गुणसूत्रे ‘एक्स-वाय’ असतात व शरीरात वृषणही असतात. परंतु ऊतके पुरुष-हॉर्मोनाला प्रतिसाद देत नसल्याने बाह्य शरीर स्त्रीचे बनते. पूर्ण असंवेदिता असलेली मुलगी मुलगी म्हणूनच वाढते आणि ऋतुप्राप्ती न झाल्यामुळे तपासणी केली असता ही गोष्ट प्रथम उघडकीस येते. आणखी एका अवस्थेत विशिष्ट एंझाइमाच्या अभावामुळे जन्माच्या वेळी मुलगी वाटलेल्या बालकात वयात येताना आवाज घोगरा होणे, स्नायू बळकट होणे इ. पुरुषी लक्षणे प्रकट होतात. एक ‘एक्स’ गुणसूत्र कमी किंवा अधिक असण्याच्या टर्नर व क्लाइनफेल्टर या अवस्थाही काही तज्ञ या वर्गात घालतात. व्याख्या व्यापक घेतल्यास आंतरलिंगी व्यक्तींचे प्रमाण दर हजारी सुमारे १७, तर संकुचित घेतल्यास दर दहा हजारी सुमारे दोन येते.

बहुसंख्य आंतरलिंगी व्यक्ती स्वतःला निःसंदिग्धपणे स्त्री किंवा पुरुषच मानतात. शरीर निराळे असले, तरी जाणीव निराळी असतेच असे नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा अर्भकांवर लवकर शस्त्रक्रिया करून त्यांना ‘मुलगी’ किंवा ‘मुलगा’ बनविण्याचा प्रघात पाश्चात्त्य वैद्यकात रूढ झाला व तेथून तो अन्यत्र पसरला. अशा शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांनी प्रौढपणी संवेदनानाश, वंध्यत्व आणि आपल्या संमतीवाचून घेतलेला निर्णय यांविषयी तक्रारी केल्या. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध निर्णय दिला आणि त्यानुसार तमिळनाडू शासनाने त्याच वर्षी, जिवाला धोका असण्याचे प्रसंग वगळून, त्यांवर बंदी घातली. प्राणरक्षणासाठी लागणारे उपचार व केवळ बाह्यरूप बदलण्यासाठी केलेले उपचार यांतील भेद पालकांना समजावून सांगणे, हे वैद्याचे पहिले कर्तव्य ठरते.

पारलिंगी जाणीव : जन्मनोंदीत पुरुष असलेली, पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणारी व्यक्ती पारलिंगी स्त्री, तर याउलट असणारी व्यक्ती पारलिंगी पुरुष होय. काही व्यक्तींना स्त्री वा पुरुष यांपैकी कोणतीच ओळख पुरेशी वाटत नाही. ही जाणीव पुष्कळदा बालपणीच प्रकट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तिचा समावेश मानसिक विकारांत होता. २०१९ मध्ये स्वीकारलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत ती त्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात घालण्यात आली. उपचारांची दारे खुली राहावीत, परंतु मनोरुग्णत्वाचा शिक्का बसू नये, हा या बदलाचा हेतू होय. हॉर्मोनोपचार व शस्त्रक्रिया काहींना आवश्यक वाटतात, काहींना वाटत नाहीत. त्या केल्या वा न केल्यावरून व्यक्तीची ओळख ठरत नाही.

परंपरा व इतिहास : हिजडा समुदाय गुरू-चेला संबंधांवर व घराण्यांवर उभारलेला आहे. घर सोडावे लागलेल्या व्यक्तीला गुरूच्या रूपाने आश्रय व नाते मिळते. बधाई व जोगवा ही उपजीविकेची रूढ साधने होत. सर्व पारलिंगी स्त्रिया या समुदायात जात नाहीत आणि पारलिंगी पुरुषांना तर असा परंपरागत आश्रयच नाही. दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकाच्या सीमाभागात सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला वाहिलेले जोगते आढळतात. राजन गवस यांच्या भंडारभोग या कादंबरीत त्यांचे जीवन चित्रित झाले आहे.

नासिक जिल्ह्यात वणीजवळील सप्तशृंगी गडावर कोजागिरी पौर्णिमेला राज्यभरातून तृतीयपंथी जमतात व देवीचा छबिना काढतात. याच दिवशी कावडीधारक नद्यांचे जल घेऊन गडावर येत असल्याने दोन्ही प्रकारचे भाविक एकाच पायऱ्यांवरून चढतात. धार्मिक प्रसंगी मिळणारा हा मान दैनंदिन व्यवहारात, घर भाड्याने घेताना वा रुग्णालयाच्या रांगेत, टिकतोच असे नाही.

मराठा राजवटीत दख्खनमधील काही हिजड्यांना गावोगाव भिक्षा गोळा करण्याचे हक्क व उत्पन्ने सनदांनी मिळालेली होती. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांपुढे हे हक्क चालू ठेवण्याचा प्रश्न आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली. उत्तर हिंदुस्थानात १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाच्या दुसऱ्या भागान्वये संशयित हिजड्यांची नोंदवही ठेवण्यात येऊ लागली व नोंद झालेल्याने सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेशात वावरणे शिक्षापात्र ठरले. सनदेच्या धन्यांपासून पोलिसांच्या नोंदवहीतील नावांपर्यंतचा हा बदल सुमारे अर्ध्या शतकातील आहे.

कायदेशीर स्थान : २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या लिंगपर्यायाखाली भारतात ४,८७,८०३ व महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. भीतीपोटी किंवा अज्ञानामुळे अनेकांनी हा पर्याय निवडला नसण्याचा संभव असल्याने हे आकडे किमान समजावेत. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात, स्वतःचे लिंग स्वतः ठरविण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर ठरविले. त्यानंतर संसदेने संमत केलेला २०१९ चा हक्कसंरक्षण अधिनियम १० जानेवारी २०२० पासून अंमलात आला. त्याच्या मूळ पाठात पारलिंगी, आंतरलिंगी, हिजडा, किन्नर व जोगता या सर्वांचा एकाच व्याख्येत समावेश करण्यात आला होता. संरक्षणाच्या दृष्टीने हे सोयीचे असले, तरी प्रारंभी निर्देशिलेली गल्लत त्यामुळे कायम राहिली, असा आक्षेप घेण्यात आला.

या तत्त्वांची कसोटी नासिक महसूल विभागातील जळगाव जिल्ह्यात लागली. भादली बुद्रुक येथील अंजली पाटील यांनी ग्रामपंचायत निवडणुकीत स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला असता, त्या पारलिंगी असल्याच्या कारणावरून तो फेटाळण्यात आला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, त्यांनी स्त्री ही ओळख स्वीकारली असल्याने त्यांना त्या जागेवरून लढता येईल, असा निर्णय दिला. त्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत त्या विजयी झाल्या.

भाषाव्यवहार : मराठीत नामाबरोबर क्रियापदही लिंगानुसार बदलत असल्याने या व्यक्तींविषयी लिंगनिर्देश टाळून बोलणे इंग्रजीपेक्षा अवघड आहे. याच वैशिष्ट्यामुळे एक सोयही होते. ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ असे म्हणताना व्यक्ती स्वतःच आपले लिंग सांगत असते. ऐकणाऱ्याने तेच रूप पुढे चालवावे, हा सर्वांत सोपा नियम होय. मात्र कोल्हापूरकडील बोलीत स्त्रियाही ‘मी आलो’ म्हणतात. अशा ठिकाणी क्रियापदावर विसंबून न राहता ‘आपल्याला काय म्हणू?’ असे सरळ विचारावे.

तृतीय पुरुषी एकवचनात नपुसकलिंगी ‘ते आलं’, ‘ते गेलं’ अशी रूपे प्रौढ व्यक्तीस लावणे अपमानकारक आहे. मराठीत लेकरू, पोर, पिलू यांना लावलेले नपुसकलिंग वात्सल्याचे असते. प्रौढाला लावले असता ते त्याचे माणूसपण कमी करते. आदरार्थी बहुवचन वापरल्यास ‘त्या आल्या’ किंवा ‘ते आले’ यांतून योग्य ते रूप निवडता येते. लिंग माहीत नसल्यास ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ ही रूपे सर्वांना सारखीच लागू पडतात. ‘तुम्ही कुठे राहता?’, ‘आपण काय करता?’ या संबोधनांतही लिंगनिर्देश होत नाही. मावशी, ताई, दादा ही नात्याची संबोधने बोलण्यात सहज येतात. परंतु तीही व्यक्तीच्या ओळखीस अनुसरून असावीत.

व्यक्तीने टाकून दिलेले पूर्वीचे नाव विचारणे, ‘आधी पुरुष होता’ असे वर्णन करणे, शरीराविषयी चौकशी करणे, तसेच ‘ग्रस्त’, ‘पीडित’, ‘विकृत’ यांसारखे शब्द योजणे टाळावे. शरीराविषयीचे प्रश्न उपचार करणाऱ्या वैद्यास आवश्यक असतात. कचेरीतील लिपिकास किंवा शाळेतील शिक्षकास ते विचारण्याचे प्रयोजन नसते.

नवजात अर्भकाच्या बाबतीत मात्र मराठीचे तिसरे लिंग उपयोगी पडते. जननेंद्रियांवरून निर्णय होत नसल्यास ‘मुलगा की मुलगी’ हे घाईने सांगण्याऐवजी ‘बाळ सुखरूप आहे, तपासण्या चालू आहेत’ असे सांगता येते. बाळ हा शब्द मुळातच नपुसकलिंगी असून त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. हॉर्मोनांच्या व गुणसूत्रांच्या तपासणीसाठी लागणारे दिवस पालकांना व वैद्यांना त्यामुळे मिळतात. पुढे ते मूल स्वतःविषयी बोलू लागले, की त्याच्या तोंडचे क्रियापद ऐकणे हे सभोवतालच्या प्रौढांचे काम असते.